दहापैकी किती, हे ज्याचे त्याने सांगावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा पुस्तकांचे बाइंडिंग, अविवाहित, चष्मा लावल्यावर पूर्ण शुद्धीत आणि चष्म्याशिवायही बऱ्यापैकी शुद्धीत, हे मृत्युपत्र माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे घरात होते, पण आता ते माझ्याआधी दमतात. येत्या गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी शस्त्रक्रिया आहे. त्यांना ती साधीच असणार, त्या उभ्या राहणार आहेत आणि मी आडवी.

वकीलबाईंनी बजावले आहे की मृत्युपत्रात गोष्टी सांगायच्या नसतात, फक्त कोणाला काय ते लिहायचे. मी त्यांचे नीट ऐकून घेतले.

याआधी केलेले सर्व लेख रद्द. म्हणजे एकच, गेल्या मंगळवारी केलेला. तो का रद्द झाला ते कलम पाचमध्ये येईल, आणि त्यात माझी शोभा झाली आहे.

कलम १. देह. माझे शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावे. जमिनीला किंवा आगीला त्याचा उपयोग एकदाच, पण पन्नास विद्यार्थ्यांना वर्षभर. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, म्हणाले, "अगं पण लोक तुला बघतील." मी म्हटले, "दादा, जिवंतपणी कोणी बघितलं नाही, तेवढीच हौस." डोळे आधी काढून घ्यावेत. त्यांना बारीक टाइपाची सवय आहे, हे ज्याला मिळतील त्याला सांगावे.

कलम २. घरातली पाटी. ही लाकडी चौकटीची दगडी पाटी मी दादांना देते. ती का देते हे कळण्यासाठी आमच्या घरातली एक पद्धत सांगावी लागेल, त्यामुळे वकीलबाईंनी इथे एक पान उलटायला हरकत नाही.

बाबा बाइंडर होते. बाइंडर पुस्तक वाचतो ते तुकड्यातुकड्याने, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवता शिवता, हातात येईल त्या क्रमाने. मी लहान असताना त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक दुरुस्तीला आले. पहिले पान गळाले होते, त्यामुळे लेखक कोण ते कळले नाही. त्यात लिहिले होते की कोणतेही कृत्य बरोबर की चूक हे परंपरेने ठरत नाही. त्याने सगळ्यांच्या सुखात किती भर पडते आणि दुःख किती कमी होते, यावरून ते ठरते. बाबांना हे इतके पटले की पुस्तक परत गेले तरी पद्धत घरात राहिली. दर रविवारी जेवणानंतर टेबलावर पाटी यायची. काहीही ठरवायचे असो, खिडकीला रंग कोणता किंवा कोणी कुठे शिकायचे, प्रत्येकाने सांगायचे: मला यात सुख किती, दहापैकी, दुःख असेल तर उणे. मग बाबा खाली रेघ मारायचे. याला आमच्याकडे "बेरीज" म्हणत. इतर घरांत वडील हुकूम सोडायचे. आमच्याकडे गणित व्हायचे, आणि आम्ही स्वतःला फार पुढारलेले समजायचो.

फक्त आईचा आकडा बाबा स्वतः सांगायचे. "तिचं सुख माझ्या सुखातच आलं की. वेगळं काय विचारायचं?" माझाही तेच सांगायचे, कारण मुलीचे हित बापाला कळते. म्हणजे बाबांना आठ वाटले की पाटीवर चोवीस व्हायचे. दादांचा आकडा मात्र दादाच सांगायचे. ते मुलगा होते, त्यांना तोंड होते.

मी पंधरा वर्षांची असताना बेरीज झाली: दादांनी मोठ्या शहरात शिकायला जावे आणि मी शाळा सोडून बाबांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात हाताखाली यावे. बाबा आठ, आई आठ, मी आठ, दादा नऊ. तेहतीस. मला या निर्णयाने आठ इतके सुख झाले, ही बातमी मला पाटीवरूनच कळली.

दादांबद्दल आकस नाही, हे इथेच लिहिते. ते दर सुट्टीत घरी येताना पिशवीभर पुस्तके आणायचे. "ही जरा शिवून ठेव, फाटली आहेत." पुस्तके फाटलेली नसायची. पाठीवर ब्लेडची सरळ रेघ असायची, रेल्वेत बसून मारलेली. बाबांच्या डोळ्यांदेखत मी त्यांचा सगळा अभ्यासक्रम चार वर्षे "शिवत" होते. दादांनी हे कधी बोलून दाखवले नाही आणि मीही नाही. आज लेखी स्वरूपात आभार.

कलम ३. मोठा शब्दकोश आणि त्याच्या खिशातल्या अकरा पट्ट्या. हे भाचीला. शब्दकोश बाबांनीच बांधलेला. मी सत्तावीस वर्षांची असताना त्याची पाठ निखळली, म्हणून मी तो उसवला. पाठीला मजबुती यावी म्हणून आम्ही आत रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. त्या पट्ट्यांवर छापील ओळी होत्या. खळ ओली करून एकेक सोडवली, काचेवर जुळवली, तर ती त्याच जाड पुस्तकाची दोन पाने निघाली. ओल लागून खराब झालेली म्हणून बाबांनी तेव्हा कापून वापरली होती. पुस्तकाच्या मालकालाही दोन पाने कमी झाल्याचे कळले नव्हते, यावरून त्याने ते किती वाचले असेल याचा अंदाज येतो.

त्या दोन पानांवर लेखकाने लिहिले होते की मोजताना कोणीही एकाहून जास्त धरायचा नाही आणि कोणीही एकाहून कमी नाही. आणि पुढे: जो म्हणतो की दुसऱ्याचे सुख माझ्या सुखात सामावले आहे, त्याने आधी त्या दुसऱ्याला हे खरे आहे का ते विचारावे.

म्हणजे सगळे तत्त्वज्ञान बाबांनी घरात आणले, आणि ज्यामुळे ते तत्त्वज्ञान ठरते तेवढाच भाग शब्दकोशाच्या पाठीत चिकटवला.

मी काच बाबांसमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचले. मग पट्टीच्या कडेवर बोट फिरवून म्हणाले, "खळ चांगली लागली होती."

"बाबा."

"वाचलं गं. मला वाचता येतं."

पुढच्या रविवारी कारखान्याला नवे कटिंग मशीन घ्यावे का, यावर बेरीज होती. बाबांनी खडू उचलला आणि आईकडे वळले. "तुझे किती?" आई ताटे गोळा करत होती. ती थांबली आणि म्हणाली, "आता विचारताय होय. मला काय हवं असायचं तेच आता आठवत नाही." बाबांनी तिच्या नावापुढे एक ठिपका दिला. त्याचे काय करायचे ते त्यांना कळेना. त्या दिवशी रेघ मारली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी कारखाना माझ्या एकटीच्या नावावर करून दिला. का, ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. विचारण्याची सवय आमच्यात कोणालाच नव्हती.

कलम ४. जुना हिशेब, पैशाचा नव्हे. एका प्राध्यापकांनी स्त्रियांच्या समान हक्कांवर चारशे पानांचा प्रबंध लिहून माझ्याकडे सहा प्रती बांधायला दिल्या. आभाराच्या पानावर मार्गदर्शक, ग्रंथालय, मित्र, चहाची टपरी, सगळे होते. तो प्रबंध तीनदा टाइप करणारी त्यांची बायको नव्हती. ती प्रत्येक वेळी पाने द्यायला स्वतः यायची आणि तिची बोटे मला दिसायची. मी कोपऱ्यावरच्या छापखान्यातून एक जादा पान छापून आणले आणि सहाही प्रतींत पान बारा आणि तेराच्या मध्ये शिवले. त्यावर लिहिले होते: "हे सर्व जिच्या बोटांमधून तीनदा गेले, त्या माझ्या पत्नीने यातल्या चुका दुरुस्त केल्या, उरलेली एक चूक माझी आहे." प्राध्यापकांना पदवी मिळाली. एकवीस वर्षांत त्यांच्या लक्षात आलेले नाही, कारण स्वतःचे पुस्तक कोण उघडतो. बाई मात्र तीन महिन्यांनी कारखान्यात आल्या. माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि जाता जाता म्हणाल्या, "टाइपाचा आकार जुळला नाही हो."

मी प्राध्यापकांना ही माहिती मृत्यूपश्चात भेट देते.

कलम ५. कारखाना. ~~तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मोठे टेबल, दाबाचा प्रेस, कटिंग मशीन आणि सर्व हत्यारे मी माझ्या भाचीला, म्हणजे दादांच्या मुलीला देते. कारण तिच्या हाताला घडीची उपजत समज आहे, अशी समज मी तीस वर्षांत पाहिलेली नाही.~~

वरचे खोडलेले वाक्य मंगळवारच्या मृत्युपत्रातले आहे. ते मुद्दाम वाचता येईल असे खोडले आहे. माझी चूक पाठीत चिकटवून टाकायची नाही, असे मी ठरवले आहे.

झाले असे. कारखान्याचे पुढे काय, यावर महिन्यापूर्वी बेरीज झाली होती. आई-बाबा गेल्यापासून खडू दादांकडे असतो. समोरच्या व्यायामशाळेला जागा हवी आहे, आणि दादांचे म्हणणे की माझ्या पोटाचे असे, तेव्हा देऊन टाकावी. दादा सात. वहिनी सात, असे दादांनी सांगितले. भाची पाच, हेही दादांनी सांगितले, ती वसतिगृहात होती. मी उणे दहा. एकूण नऊ. विकावा. दादांच्या मनात काही काळेबेरे नव्हते. बाबांच्या हातातली पाटी त्यांनी जशी पाहिली तशी उचलली, एवढेच. पट्ट्या त्यांना मी कधी दाखवल्या नव्हत्या.

मला राग आला. जागा माझ्या नावावर आहे. म्हणून मी गुपचूप मृत्युपत्र केले आणि कारखाना भाचीला लिहून दिला. गेली अकरा वर्षे मी छापील कागदांचे गठ्ठे तिच्याबरोबर दादांच्या घरी घडीला पाठवते, ती शाळेत असल्यापासून. ती शिकायला बाहेर गेल्यावर सुट्टीत ती नेते, एरवी रिक्षाने जातात. दुसऱ्या दिवशी घड्या येतात त्या अशा की कागदाची कड कडेवर बसल्याचे बोटालाही कळू नये. या मुलीचा हात वाया जाऊ द्यायचा नाही, हे मी मनाशी कधीच पक्के केले होते.

मंगळवारी भाची वसतिगृहातून आली होती. मजकूर स्वच्छ टाइप करायला मी तिला दिला. ती या कलमापर्यंत आली आणि हसायला लागली.

"आत्या, हे कोणाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल."

"मी जन्मात एक सरळ घडी घातलेली नाही. मला पाकीटसुद्धा बंद करता येत नाही."

"मग गठ्ठे?"

"आईचे. दुपारी, बाबा ऑफिसला गेले की. मी नसताना रिक्षाने जायचे ते कोण करत होतं, तुम्हाला काय वाटलं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही मला शाबास म्हणायचात. मी घरी जाऊन ती आईला द्यायचे." मग ती गंभीर झाली. "आणि आत्या, मला हा कारखाना नकोय. मला पूल बांधायचे आहेत. हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत होते. ते वय जाईल आणि मग ती परत येईल, असे मी धरून चालले होते. तिचे सुख माझ्या सुखात आले की, वेगळे काय विचारायचे.

बाबांचे पुस्तक तरी अर्धे होते. मी पूर्ण वाचले होते.

कलम ६. कारखाना, पुन्हा. बुधवारी दुपारी मी दादांच्या घरी गेले. वहिनी जमिनीवर बसलेल्या, मांडीवर लाकडी फळी, त्यावर माझे कागद. मला पाहून त्यांनी कागद झाकले, जसे काही चोरून खाताना सापडल्या.

"वहिनी, कारखाना विकायचा, तर तुमचे किती?"

"यांनी सांगितलं ना सात."

"ते दादांचे झाले. तुमचे?"

"वन्सं, मला नका विचारू. एकदा विचारलंत की मी सांगायला लागेन."

"सांगा की."

त्यांनी कागद पुन्हा उघडले आणि गठ्ठ्याबरोबर मी पाठवते तो माझ्या हातचा घडीचा नमुना वर होता, तो उचलून माझ्यापुढे धरला. "ही घडी तुमची ना? डावीकडे ओढलीय. तुम्ही नेहमी डावीकडे ओढता. मी उलगडून परत घालते."

तीस वर्षांचा धंदा माझा. अकरा वर्षे माझ्या चुका कोणीतरी माझ्या नकळत सरळ करत होते.

आज रविवार. जेवणानंतर पाटी पुन्हा टेबलावर आली. या वेळी मी आधी पट्ट्यांची काच ठेवली. दादांनी वाचली, बाबांसारखीच दोनदा. मग त्यांनी खडू उचलला आणि बायकोकडे पाहिले, लग्नाला सव्वीस वर्षे झाली तरी ओळख नुकतीच होत असल्यासारखे. "तुझे किती?"

"उणे नऊ."

"एवढे? कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही सात लिहून मोकळे झाला होतात. खाडाखोड कोण करणार?"

दादा सात, वहिनी उणे नऊ, मी उणे दहा, भाची उणे दोन. ("मला जागेचं काही नाही, पण आईचा चेहरा बघायचाय.") एकूण उणे चौदा. दादांनी रेघ मारली आणि आकडा लिहिला. मग म्हणाले, "मागच्या वेळेला नऊ आली होती. आकडेमोड बरोबर होती गं."

"होती, दादा. माणसं कमी होती."

मला एक शंका उरली आहे आणि ती इथे नोंदवते, कारण नंतर नोंदवायला मी नसेन. सगळ्यांना विचारून बेरीज माझ्याविरुद्ध गेली असती तर? दोघांच्या खऱ्याखुऱ्या दहांनी वहिनींचे खरेखुरे उणे नऊ बुडवले असते तर? पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढणे, प्रत्येकाचा आकडा अस्सल असता तरी, बरोबर ठरले नसते असे मला वाटते. काही गोष्टी पाटीवर आणण्याआधीच ज्याच्या त्याच्या हातात देऊन टाकाव्यात: तिची शाळा, तिचे काम, तिचे नाही म्हणणे. उरलेल्याची खुशाल बेरीज करावी. हे पटायला मला सेहेचाळीस वर्षे आणि एक गाठ लागली.

म्हणून: दोन्ही खोल्या, टेबल, प्रेस, मशीन, सर्व हत्यारे आणि अपुरी राहिलेली सर्व पुस्तके मी माझ्या वहिनींना देते, त्यांच्या एकटीच्या नावे. विचारून देते.

कलम ७. बँकेत जे काही असेल ते भाचीला, तिच्या पुलांसाठी. अट कोणतीही नाही. पूल पडला तरी परत मागणार नाही, मी नसेनच.

कलम ८. साक्षीदारांविषयी. दादांनी साक्षीदार व्हावे अशी माझी फार इच्छा होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, म्हणून मी त्यांना पाटीसुद्धा द्यायची नाही असे ठरवले होते. वकीलबाई म्हणाल्या, "तरी चालणार नाही. त्यांच्या पत्नीला मिळतंय ना. तिला मिळालं म्हणजे त्यांना मिळालं असंच धरतात."

"म्हणजे कायदाही माझ्या बाबांसारखाच मोजतो तर."

"थोडासा," वकीलबाई वर न बघता म्हणाल्या. "तुम्ही सही कुठे करताय ते बघा."

तेव्हा दादांना पाटी दिली. साक्षीदार बाहेरचे घेतले आहेत. दादा शेजारी खुर्चीवर बसले आहेत, साक्षीदार म्हणून नव्हे, त्यांना बसायचे होते म्हणून.

वरील सर्व मी वाचून पाहिले. तीन ठिकाणी शाई पसरली आहे, ती पाण्याने, डोळ्यांतल्या नव्हे, पेल्यातल्या. माझी इच्छा आणि माझे अक्षर एकच आहे.

ठिकाण: बाइंडिंगचा कारखाना, मोठे टेबल, खिडकीकडची बाजू
दिनांक: १४ मार्च, रविवार, संध्याकाळी सात

सही: बाइंडरबाई

आमच्या देखत त्यांनी सही केली. सही करताना हसत होत्या, तरी शुद्धीत होत्या.
साक्षीदार १: शेजारचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार २: नगर ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाई (सही)

वाचले. पट्ट्या मला आधी दाखवायला हव्या होत्यास. — दादा

स्वीकृती (वकीलबाई म्हणाल्या याची गरज नाही, तरी लिहिते):

कलम सहा मी स्वतः वाचले. मला कारखाना हवा आहे. पण त्यासाठी कोणी मरेपर्यंत थांबणे मला जमणार नाही. मी उद्या सकाळी नऊला कामावर येत आहे. गुरुवारी वन्सं दवाखान्यात जाताना किल्ली माझ्याकडे देऊन जातील, आणि आल्यावर आपण दुसरी करून घेऊ. टाके निघाले की त्यांनी लगेच यावे, ग्रंथालयाची सत्तर पुस्तके शिवायची आहेत, मला शिवण अजून येत नाही. घड्या मी घालीन. खिडकीकडची बाजू मला लागेल, तिथे उजेड बरा आहे.

— वहिनी